बयाआक्काची सही संपली

…आता सही संपती व्हय कुठं? न्हाई, तुमीच सांगा! शाई संपती. तेल संपतं. डिझेल तर माझ्या जीपचं विट्याचा चढ चढायच्या आत संपतं, त्येचं मला नवल न्हाई. मानूस संपला म्हंजी त्येची सही संपली, हेबी समजू शकतो. पन बयाआक्का धडधाकट चुलीम्होरं बसून भाकरी थापतीया, हात चालतोय, तोंड त्येच्याहून जास्त चालतंय, आनि सांगलीचा सीए फोनवर मला सांगतो, "बिरदेव, बाईंची सही संपली आहे." मी म्हनलं, सायेब, बाई हितं माझ्याम्होरं बसल्यात, म्हनत असाल तर पाटीवर काढून दावत्यात. तर म्हनला, "अहो, ती सही नव्हे. कॉम्प्युटरातली. ती दोन वर्षांनी संपते."

दोन वर्सांनी! शेरडूबी जास्त जगतं, तुमास्नी सांगतो.

थांबा, मी मधनंच सुरू झालो. मी बिरदेव, आटपाडी-विटा वडापची जीप चालवतो, माझं ह्यात कायबी न्हाई, मी नुसता डायवर. गोष्ट बयाआक्काची हाय. आमच्या वस्तीवरची, हरिबाची बायकू, साठीला आलीया. हरिबा सा म्हैनं मेंढरं घिऊन मुलखावर, ही सा म्हैनं एकटी शेरडांसंगं. मी तिला आक्का म्हनतो, समदी वस्तीच म्हनती. तर ही आक्का एका कंपनीची अध्यक्ष हाय. हसलात न्हवं? समदी हसत्यात. कंपनी म्हनलं की काचंची इमारत पायजे, टाय पायजे, हितं तर अध्यक्षाच्या पायात चप्पल न्हाई! पन कंपनी खरी. सरकारदरबारी नोंद हाय. आवं, आमच्या बाजारात आदी काय हुयाचं? व्यापारी यायचा, शेरडाच्या कंबरंवर हात फिरवायचा आनि म्हनायचा, "पाच हजार." बाई म्हनायची, सात. त्यो म्हनायचा, "मावशे, नुसती हाडं हायती की." संपलं. बाई घरी, शेरडू त्येच्या टेंपूत. तवा योजना आली, बायांनी कंपनी काढा, एकीनं इका. दोनशे बारा बायांनी हजार-हजार घातलं. कशावर? आक्काच्या शब्दावर. नाव काय ठिवायचं ह्येच्यावर चार बैठका झाल्या, ही म्हनती माझ्या देवाचं, ती म्हनती माझ्या, शेवटाला आक्का म्हनली, "आगं, निम्मी शेरडं काळी, निम्मी पांढरी, दुसरं काय हाय आपल्यापाशी?" झालं! काळीपांढरी महिला शेळीपालक उत्पादक कंपनी लिमिटेड!

पयल्या शनवारी आक्कानं बाजारात काटा मांडला, पिंजऱ्याचा, शेरडू आत घालायचं आनि आकडा बघायचा. व्यापारी म्हनतोय कसा, "काय आक्का, इस्वास न्हाई व्हय आमच्यावर?" आक्का म्हनली, "हाय की. म्हनून तर तोलतोय. किती किलोचा हाय ते कळाय नगं?"

अशी ही कंपनी. आनि लिवनं-वाचनं कुनाकडं? उत्कर्षाकडं. आक्काची सून. वडूजची पोरगी, बीकॉम झाल्याली, धनाजीची बायकू. धनाजी चाकनला कारखान्यात, ही हितं सासूपाशी. कंपनीची सीईओ! आठ हजार पगार. सासू अध्यक्ष, सून सीईओ. चार वर्सं ह्या दोघींनी अशी कंपनी हाकली म्हनता, बँकेचा म्यानेजर उठून खुर्ची द्यायचा. सून खालमानेनं लिवायची, सासू वरमानेनं सह्या करायची. मग एक दिस सून म्हनली, "आत्या, मी ह्यांच्याकडं चाकनला जाते. लग्न हून चार वर्सं झाली, नवरा सनासुदीला दिसतो." आता ह्यात वावगं काय हाय? पन आक्काच्या कपाळाला आठी. "आनि कंपनी? ती काय माझ्या बानं बघायची?" सून गेली. भांडून न्हाई, रडून न्हाई, पिशवी घिऊन यष्टीत बसली आनि गेली. आक्का तिला फाट्यावर सोडायलाबी आली न्हाई.

झालं. हितनं फुडं त्ये कागदाचं.

बगा, कंपनीनं वर्सातनं दोन कागद सरकारला धाडायचं असत्यात. एक हिशोबाचा. दुसरा हजेरीचा, म्हंजी आमी हाय, हितंच हाय, आमच्यात बाया इतक्या, पंच बाया, म्हंजी डायरेक्टर, ह्या. एवढंच! सांजचं मेंढरं वाडग्यात घेताना आपुन मोजतो का न्हाई? तसं सरकार वर्सातनं एकदा मोजतं. आता न्हाई धाडला कागद तर? तर एका कागदाला रोजचे शंभर. रोज म्हंजी रोज! आयतवार न्हाई, दिवाळी न्हाई, सिद्धनाथाची जत्रा न्हाई. कागद दोन, वर्सं चुकली दोन, झालं चार कागद. दिस उगवला की चारशे! मानसानं सकाळी उठून सूर्व्याला हात जोडावं का त्येला म्हनावं, बाबा, आज जरा पडून ऱ्हा?

आनि हे चारशे दिसत न्हाईत, हे खरं दुखनं. घरात वाळवी लागली तर माती तरी पडती. हे म्हंजी कुठंतरी दिल्लीत का पुन्यात एका यंत्रात आकडा नुसता फुगतोय आनि हितं बाया शेरडं तोलत्यात, पेंड वाटत्यात, शेडचं पत्रं घ्यायचं म्हनून बँकेत पैसं साठवत्यात.

आता तुमी म्हनाल, सरकारनं कळवलं न्हाई व्हय? कळवलं की! आक्काच्या मोबाईलवर मेसेजवर मेसेज. इंग्रजीतनं. आनि आक्का ते काय करायची? पुसायची! कारन त्येच्या आदी सुलाबाईचं अठरा हजार गेल्तं. सुलाबाई आमच्या कंपनीचीच डायरेक्टर. तिला फोन आला, "म्याडम, मी बँकेतून बोलतोय, आलेला नंबर सांगा," हिनं घडाघडा सांगितला, वर इचारलं, "आनि काय सांगू?" गेलं अठरा हजार! मग बँकेचा सायेब वस्तीवर आला, मारुतीच्या देवळाम्होरं बायांना बसवलं आनि म्हनला, "ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. सख्ख्या भावाला नाही. नवऱ्याला नाही!" नवऱ्याला न्हाई म्हनल्यावर बायांनी टाळ्या वाजवल्या. तवापासनं मोबाईल वाजला की आक्का म्हनायची, "फसवाय लागल्यात." आनि बोट दाबायची. पुसलं!

असं पुसत पुसत दीड वर्स गेलं. दिस उगवला की… आदी दोनशे, दुसरं वर्स चुकल्यावर चारशे.

मग औंदा उन्हाळ्यात पोस्टमन आला. कागद पुसता येत न्हाई, न्हाई का? पाच पंच बायांना पाच लखोटं, कंपनीला सावा. समदं इंग्रजीत, वर सिंहाचा शिक्का. मी त्येचं फोटू काडून सीएला धाडलं, तवा त्यो सही संपल्याचं बोलला आनि म्होरं काय बोलला त्ये ऐका. उशिराची फी ती येगळीच. ह्यो वरनं दंड! कंपनीला येगळा, पाची बायांना ज्येच्या-त्येच्या खिशातनं येगळा. आनि तिसरं वर्सबी चुकलं तर नाव खोडनार, बँकेचं खातं गोठनार, दोनशे बारा बायांचं हजार-हजार आत आनि बाया भाईर. वर पाच वर्सं ह्या पाचजनी देशातल्या कुठल्याच कंपनीत डायरेक्टर हुयाच्या न्हाईत. पाचातलीच चंद्राबाई म्हनली, "ते एक बरं हाय." पन कुनी हासलं न्हाई.

आनि मग वस्तीवर एकच इशय. सूनंनं बुडवली! "शिकल्याली म्हनून इस्वास टाकला, कागद टाकून पळाली." "पगार घेताना हात लांब, कागद धाडताना आखूड." सुलाबाई तर पान्याच्या टाकीपाशी घसा तानून म्हनायची, "सापडू दे मला, झिंज्या उपटते." आक्का तिथंच घागर भरत असायची. घागर भरायची, डोईवर घ्यायची आनि घरला जायची. एक शबूद बोलायची न्हाई. आमी म्हनलं, सूनंच्या कर्तुकीची लाज वाटती बिचारीला.

शेवटाला आक्काच म्हनली, "बिरदेवा, जीप काड. पुन्याला जाऊ. ज्येनं कागद धाडलाय त्येला तोंडानं सांगू."

मी म्हनलं, आक्का, तारीख न्हाई, बोलावनं न्हाई. म्हनली, "शिक्का मारून घरात आलंय की त्ये. आनि कसं बोलवायचं?"

गेलो. पाच बाया, मी, फायल आनि भाकरीचं गठुडं. आटपाडीतनं पाटं निघालो, पुन्यात पोचस्तवर दिस चांगला वर आल्ता. सुलाबाई खिडकीतनं बघून म्हनली, "झालं गं बाई, आजचं चारशे." कंपन्यांची नोंद ठिवतं त्ये हापिस म्हंजी लय गार, आत शिरलं की घाम जिरतो. शिपाई म्हनला, कुठल्या कंपनीकडनं? आक्का म्हनली, "काळीपांढरी." त्यो म्हनला, "वकील कुठं आहेत?" आक्कानं माझ्याकडं बोट केलं. मी म्हनलं, मी डायवर. पन फायल माझ्या बगलंत, म्हनून मलाबी आत सोडलं.

आत एक म्याडम. चाळिशीच्या, डोळ्याला चष्मा, टेबलावर फायलींची चळत. आमाला वाटलं वराडनार. तर न्हाई, खुर्च्या मागवल्या, पानी मागवलं. फायल उघडली, नाव वाचलं, गालातल्या गालात हासल्या, आनि म्हनल्या, "बाई, दोन वर्षं काहीच दाखल नाही. हिशोब केले नव्हते का?"

आक्का म्हनली, "केलं हुतं की. दर वर्साला देवळाम्होरं मोठ्यांदा वाचलं. कुनाचं शेरडू कितीला गेलं, पेंड किती आली, समद्या बायांनी ऐकलं. कुनापासनं लपवलं न्हाई."

"मला सांगायचं राहिलं," म्याडम म्हनल्या. चिडून न्हाई हां. आपलं सांगत्यात तसं. "गावाला सांगितलं, ते चांगलंच केलंत. पण उद्या कुणी परगावचा तुमच्याशी व्यवहार करायला आला, तर तो तुमच्या देवळात येऊन विचारणार का? तो माझ्याकडं बघतो. माझ्याकडं पान कोरं."

मी वर पंख्याकडं बघाय लागलो.

मग त्यांनी इचारलं, "हे दाखल करायचं काम कुणाकडं होतं?"

झालं! सुलाबाई उठूनच हुबी ऱ्हायली. "हिच्या सूनंकडं! उत्कर्षा नाव तिचं. बीकॉम हाय. सीईओ हुती, पगार घेत हुती, टाकून पळाली चाकनला. तिथं कर भरायच्या हापिसात नोकरी करती, दुसऱ्यांचं कागद येळंत भरती आनि आमचं…! लिवून घ्या म्याडम, आमी अडानी बाया, आमाला काय ठावं?"

म्याडम म्हनल्या, "तसं असेल तर तसं लेखी द्या. तिचंही नाव नोटिशीत येईल. जबाबदारी कुणाची, ते मग ठरवता येईल." आनि एक कोरा कागद, वर पेन, आक्काम्होरं सरकवला.

बाया म्हनल्या, लिव आक्का, लिव. मीबी म्हनलं, लिव. मी कशाला खोटं बोलू? मलाबी वाटलं, सुटल्या बाया.

आक्कानं पेन घेतलं. टोपन काडलं. आनि नुसतीच बसली. पेनचं टोक कागदावर टेकल्यालं, शाईचा ठिपका मोठा मोठा व्हाय लागल्याला, मला तेवढाच दिसत हुता. मग तिनं टोपन लावलं, पेन ठिवलं आनि म्हनली, "म्याडम, तिनं फोन केल्ता."

"कुणी?"

"सूनंनं. दीड वर्साखाली, कार्तिकात. म्हनली, आत्या, तुमची सही संपलीया, नवी काडते, तुमच्या मोबाईलवर सा आकडं येतील तेवढं सांगा. मी सांगितलं न्हाईत. म्हनलं, बँकेचा सायेब म्हनलाय, कुनालाबी सांगू नगा. आनि फोन ठिवला. परत केला तिनं, परत ठिवला. तिसऱ्यांदा उचललाच न्हाई."

म्याडम म्हनल्या, "अहो, मग त्यात तुमची काय चूक? ओटीपी कुणाला सांगूच नये. फसवणूक…"

"न्हाई म्याडम." आक्का मान हलवत हुती. "मला कळत हुतं ती फसवत न्हाई. चार वर्सं माझ्या घरात बोलल्याला आवाज, मी वळकनार न्हाई व्हय? माझ्या पोटात राग हुता. जाताना मला इचारून गेली न्हाईस, आता आकडं इचारतीस व्हय? ये घरला, मग सांगते. म्हनून न्हाई सांगितलं. तिनं टाकलं न्हाई काम. मी करू दिलं न्हाई. हे लिवून घ्या."

सुलाबाई हुबीच. मग ती हळूच बसली आनि म्हनली, "माझ्या अठरा हजारापायी त्यो सायेब आल्ता वस्तीवर." कुनाला म्हनली, काय म्हाईत.

म्याडमनी चष्मा काडून पुसला. मग फायल परत म्होरं वडली, बोटानं तारीख दावली. "हे बघा. नोटिशीच्या तारखेपासून तीस दिवसांत चारही कागद दाखल केलेत, तर दंडाची कारवाई इथंच थांबते. उशिराची फी भरावी लागेल, ती कुणालाच चुकत नाही. पण दंड नाही, तुमच्यावर नाही, सुनेवरही नाही. मी उपकार करत नाही, कायद्यातच आहे. आज सत्ताविसावा दिवस आहे."

मी म्हनलं, म्याडम, हे नोटिशीत हुतं का?

"होतं. तिसऱ्या पानावर."

तिसऱ्या पानावर! फोटू मी पयल्या दोन पानांचंच काडलं हुतं! माझीच अक्कल! मी ते तिथं बोललो न्हाई. आक्काएवढी छाती न्हाई माझी.

भाईर येऊन मी सीएला फोन लावला. त्यो म्हनला, हिशोब दोन्ही वर्षांचे तयार आहेत, माझी सही तयार आहे, पण बाईंची सही नवी पाहिजे आनि कंपनीचं लॉगिन, पासवर्ड सगळं सूनबाईंकडं. म्हंजी चाकन! मी जीप चालू केली. आता पुन्यातनं चाकनला जायचं म्हंजी तुमास्नी सांगतो, मेंढरू वाडग्यातनं भाईर काडनं सोपं, जीप त्या गर्दीतनं भाईर काडनं अवघड, म्होरं कंटेनर, मागं कंटेनर, आनि आत पाच बाया मुक्या. रोज म्हनाल तर वडापात मला गानं लावू देत न्हाईत इतकं बोलत्यात! एक तासानं चंद्राबाई म्हनली, "आक्का, नोटीस आल्यापासनं आमी त्या पोरीला शिव्या घालत हुतो. तू ऐकत हुतीस?"

आक्का म्हनली, "ऐकत हुते."

बस्. तेवढंच. मागनं आक्का मला एकदा म्हनली, "बिरदेवा, रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. घागर भरली की वाटायचं, उद्या." आता दिस उगवला की चारशे, हे त्या यंत्राला कळत हुतं. हिच्या काळजातला आकडा कुनी मोजला?

त्ये कर-सल्लागाराचं हापिस पयल्या मजल्यावर. भाईर बाकड्यावर मानसं बसल्याली, नंबरानं आत. आक्काबी बसली, पदर सावरून, नंबर घिऊन. मी म्हनलं, आगं, सून हाय तुजी, आत जा. म्हनली, "तिच्या हापिसात मी सासू न्हाई." अर्धा तास बसली. मग काचंचं दार उघडलं, उत्कर्षा हातात कागद घिऊन भाईर आली, "अकरा नंबर?" म्हनली, आनि अकरा नंबर म्हंजी आक्का.

"आत्या? तुमी?"

पोरीचा चेहरा पांढराफटक. तिला वाटलं कोन गेलं! घरचं मानूस असं न सांगता येतं ते दुसरं काय सांगाय? आक्का उठली, कनवटीचा मोबाईल काडला आनि दोनी हातांनी तिच्याम्होरं धरला. "बँकेचा सायेब म्हनल्ता, कुनालाबी सांगू नगा. तू काय कुनीबी हाईस व्हय? माझीच मती गेल्ती. घे. काय येतंय ते घे."

उत्कर्षानं मोबाईल घेतला न्हाई. डोळ्यात पानी आलं का न्हाई मला दिसलं न्हाई, ती खाली बघत हुती. मग तिनं इचारलं काय? "नोटिशीची तारीख किती आहे?"

मी सांगितली. तिनं बोटं मोजली. "शनवार शेवटचा," म्हनली, आनि आत जाऊन सायबाची परवानगी काडून कॉम्प्युटरवर बसली. कशी हाईस न्हाई, कवा आलात न्हाई, चार वर्सं दोघी बसायच्या तशा शेजारी बसल्या.

आनि मग आले आकडं! आक्काला मोबाईलवरचं बारीक दिसंना, तिनं त्यो हात लांब करून धरला आनि वाचला, म्हंजी वस्तीवर हाळी द्यायचा आवाज त्यो, "च्या-र! सा-त! सा-त! शू-न्य! दो-न! न-ऊ!" आगं हळू! भाईरची बाकडी, खालचा वडापाववाला, पुऱ्या चाकनला ओटीपी कळला! मग कॅमेऱ्याम्होरं बसायचं, मान डावीकडं, मान उजवीकडं, डोळं मिटा, नाव सांगा. "मी बयाबाई हरिबा गोरड," आक्का म्हनली, आनि लग्नातल्यावानी लाजली. उत्कर्षा म्हनली, "आत्या, परत. लाजायचं न्हाई, सरकार बघतंय."

काम चालू असताना आक्कानं हळूच इचारलं, "त्या दिशी आकडं दिलं असतं, तर किती लागलं असतं गं?"

उत्कर्षा पडद्याकडं बघत म्हनली, "दोन्ही कागदांचं मिळून? एका कोंबडीच्या किमतीत झालं असतं, आत्या." मग थोड्या येळानं, "मी चौथ्यांदा फोन करायला पायजे हुता." चहा आला, दोघींनी घेतला.

सही जन्माला आली, सीएनं सांगलीतनं त्येचं केलं, आनि शनवारी, तिसाव्या दिशी, चारच्या सुमाराला चारी कागद गेलं. दंड टळला. पन उशिराची फी? एक लाख पंचावन हजार! शेडच्या पत्र्यासाठी साठवल्यालं, पत्र्यासकट गेलं. औंदा उन्हात शेरडं बाभळीखालीच.

मग सभा. मारुतीच्या देवळाम्होरं, समद्या बाया. आक्कानं उभ्यानं सांगितलं. सूनंचा फोन, सा आकडं, तिसऱ्यांदा न उचलल्याला, समदं. उत्कर्षाबी आल्ती, धनाजीसंगं, मागं उभी. कुनी ओरडलं न्हाई. त्येच्यापरास ओरडल्या असत्या तर बरं. मागनं एक म्हातारी म्हनली, "माझ्या हजारातलं किती गेलं, तेवढं सांग."

"सातशे एकतीस," आक्का म्हनली. लगीच. तोंडपाठ.

म्हातारी मान हलवून बसली. मग आक्का म्हनली, "मी आता अध्यक्ष ऱ्हात न्हाई. राजीनामा घ्या. दुसरी बघा."

बाया एकमेकींकडं बघत्यात. सुलाबाईच्या तोंडावर पदर. दोघी-तिघी म्हनल्या, "व्हय, घ्यावा." ऐकू आलं मला. आनि तेवढ्यात मागनं उत्कर्षा म्हनली, "आत्या, राजीनाम्याचापन फॉर्म असतो. तीस दिवसांत भरायचा. न्हाई भरला, तर उशिराची फी."

"मग भर की."

"नव्या अध्यक्षाची सही लागती, कॉम्प्युटरातली. कुनाची काडायची? मोबाईल द्या. ओटीपी येईल."

तुमास्नी सांगतो, दोनशे अकरा बायांनी दोनशे अकरा मोबाईल एका दमात पदराखाली घातलं!

तवापासनं आक्काच अध्यक्ष हाय. बिनविरोध. माफ केलं म्हनून का, ते मला ठावं न्हाई, बाया बोलत न्हाईत… पन तिला काडायचा फॉर्म भराय कुनी तयार न्हाई!